जिलाँगच्या फुटबॉल क्लबचा इतिहास वहीत कसा उतरवावा

नेरूळच्या आमच्या इमारतीत ऑस्ट्रेलियात मेलबर्नला किंवा जिलाँगला मूल शिकायला गेलेली चार घरे आहेत आणि ठाण्यात घोडबंदर रस्त्याला तर अशी घरे मोजून संपणार नाहीत. माझी मुलगी जिलाँगच्या डीकिन विद्यापीठात गेली, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांतच तिच्या शनिवारच्या फोनमध्ये अभ्यासाच्या बरोबरीने तिथल्या फुटबॉल क्लबचा विषय येऊ लागला. ‘बाबा, आज वाणसामानाच्या दुकानातल्या आजीसुद्धा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर घालून बसल्यात,’ असे ती सांगायची आणि त्यामागे काय आहे ते मला उमगत नसे. तेव्हापासून मी त्या क्लबचा इतिहास एका शंभरपानी वहीत उतरवतो आहे. मुलांच्या नव्या गावाशी ओळख करून घ्यायला क्लबचा इतिहास ही फार चांगली वाट आहे, मात्र नुसती विजेतेपदांची यादी पाठ करून तो कळत नाही. हरलेले अंतिम सामने आणि न खेळलेली वर्षेही त्यात वाचता यावी लागतात. ती कशी वाचावीत, हे माझ्या वहीवरून सांगतो.

आधी खेळ समजून घ्यावा, कारण आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्रिकेटच्याच अंडाकृती मैदानावर खेळतात, प्रत्येक संघाचे १८ खेळाडू मैदानात असतात आणि चेंडूही लांबट असतो. क्रिकेटचे मैदान असण्याला कारण आहे. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर चपळ राहावे म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा, असे टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये सुचवले आणि मे १८५९ मध्ये मेलबर्नमध्ये विल्स व त्याच्या सहकाऱ्यांनी या खेळाचे पहिले नियम लिहून काढले. जिलाँगचा क्लब त्याच वर्षी, १८५९ मध्ये सुरू झाला आणि पुढे विल्स स्वतः जिलाँगकडूनही खेळला. तिकडचा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा, त्यामुळे इथे मैदानांवर चिखल असतो त्याच महिन्यांत तिकडचा हंगाम ऐन भरात असतो.

त्यानंतर धावफलक वाचायला शिकावे, आणि या कामाला घाई करू नये, कारण पुढचे सारे यावर उभे आहे. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून पायाने मारलेला चेंडू गेला की गोल होतो आणि ६ गुण मिळतात. बाजूच्या आखूड खांबांकडून गेला तर त्याला बिहाइंड म्हणतात आणि १ गुण मिळतो. धावफलकावर आधी गोल, मग बिहाइंड आणि कंसात एकूण गुण लिहिण्याची पद्धत आहे. कंसावर अंगठा ठेवावा, गोलांना ६ ने गुणावे, बिहाइंड मिळवावेत आणि मगच अंगठा उचलून उत्तर ताडून पाहावे. उतरवताना झालेल्या चुका या एका सवयीने जागच्या जागी सापडतात.

१९८९ चा अंतिम सामना घ्या. हॉथॉर्न २१.१८ (१४४), जिलाँग २१.१२ (१३८). दोन्ही संघांचे गोल सारखेच, प्रत्येकी २१. म्हणजे जिलाँग फक्त ६ बिहाइंडनी हरले. त्या २१ पैकी ९ गोल एकट्या गॅरी ॲब्लेट या खेळाडूचे होते आणि संघ हरूनही सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचे नॉर्म स्मिथ पदक त्यालाच मिळाले. विजेत्यांच्या यादीत त्या वर्षापुढे नुसते ‘हॉथॉर्न’ असते आणि जिलाँगचा हा दिवस वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटून जातो. म्हणून माझ्या वहीत हरलेल्या अंतिम सामन्यांना वेगळे पान आहे, आणि वहीतले सर्वांत जास्त वाचले गेलेले पान तेच आहे.

आता २००८ आणि २००९ या दोन ओळी एकाखाली एक लिहाव्यात. २००८ च्या साखळी सामन्यांत जिलाँग एकच सामना हरले होते, पण अंतिम सामन्यात हॉथॉर्नने १८.७ (११५) आणि जिलाँगने ११.२३ (८९) असे गुण केले. गोल आणि बिहाइंड मिळून जिलाँगचे ३४, हॉथॉर्नचे २५. तरीही त्या ३४ पैकी २३ नुसते बिहाइंड असल्यामुळे विजेतेपद हातचे गेले. पुढच्या वर्षी सेंट किल्डाविरुद्ध चित्र नेमके उलटे झाले: जिलाँग १२.८ (८०), सेंट किल्डा ९.१४ (६८). या वेळी गोल आणि बिहाइंड मिळून संख्या जास्त असूनही सेंट किल्डा हरले. त्या पावसाळी सामन्याच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये मैदानाच्या मध्यावर उसळलेला चेंडू मॅथ्यू स्कार्लेटने नुसत्या बुटाच्या टोकाने ढकलून १९८९ च्या ॲब्लेटच्या मुलाकडे, धाकट्या गॅरी ॲब्लेटकडे, पोचवला आणि त्याच चालीतून पॉल चॅपमनने जिलाँगला पुढे नेणारा गोल केला. त्या सामन्याचे चित्रीकरण मिळाले तर तेवढा क्षण थांबवून पाहावा, कारण सारा हंगाम त्या एका टोकावर तोललेला दिसतो.

विजेतेपदे मोजताना मोठी चूक होऊ शकते आणि ती मी केली होती. जुन्या व्हिक्टोरियन असोसिएशनच्या काळात जिलाँगने ७ विजेतेपदे मिळवली, ती १८७८ ते १८८६ या वर्षांतली. १८९६ मध्ये जिलाँगसह ८ क्लब त्या असोसिएशनमधून बाहेर पडले, १८९७ पासून त्यांची स्वतंत्र लीग सुरू झाली आणि १९९० मध्ये तिलाच ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग हे नाव मिळाले. या लीगमधली विजेतेपदे १० आहेत: १९२५, १९३१, १९३७, १९५१, १९५२, १९६३, २००७, २००९, २०११ आणि २०२२. मी दोन्हींची बेरीज करून १७ लिहिले होते. मुलीने ते पाहताच खोडायला लावले, कारण तिथे हे दोन हिशेब एकत्र करत नाहीत. दोन रकाने आखावेत आणि त्यांची बेरीज करू नये.

रिकाम्या वर्षांपुढे ‘खेळले नाहीत’ एवढे लिहून पुढे जाऊ नये, कारणही लिहावे. १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धामुळे जिलाँग मैदानात नव्हते. दुसऱ्या महायुद्धात १९४२ आणि १९४३ ही दोन वर्षे गेली, ती प्रवासावरच्या निर्बंधांमुळे. इथेच या क्लबचे वेगळेपण कळते. त्या काळातले बाकीचे सगळे क्लब मेलबर्न शहरातल्या उपनगरांचे होते आणि जिलाँग मात्र तिथून सुमारे ७५ किलोमीटरवरचे स्वतंत्र गाव होते, म्हणून युद्धकाळात तेवढे अंतरच आडवे आले. आजही लीगमधला व्हिक्टोरिया राज्यातला मेलबर्नबाहेरचा हा एकमेव क्लब आहे. आपले ठाणे मुंबईला लागून असूनही स्वतःची ओळख जपून आहे, त्यामुळे हे आपल्याला पटकन समजायला हवे. वहीत प्रत्येक सामन्यापुढे मैदानाचाही रकाना ठेवावा: कार्डिनिया पार्क हे घरचे मैदान, पण अंतिम सामना बहुधा मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर होतो, म्हणजे विजेतेपद आणायला गावाला शहरात जावे लागते.

गावाचा उद्योगही टिपून ठेवावा. १९२५ मध्ये फोर्ड कंपनीने जिलाँगमध्ये बस्तान बसवले, त्याच वर्षी क्लबला लीगमधले पहिले विजेतेपद मिळाले आणि कंपनी क्लबची पुरस्कर्तीही झाली. २०१६ मध्ये तिथले मोटारींच्या इंजिनांचे उत्पादन थांबले, पण क्लबशी नाते तुटले नाही. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने बंद होताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या नात्याची किंमत मी सांगायला नको.

माणसे शोधताना पदकांच्या नावांपासून सुरुवात करावी. लीगच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूला मिळणारे ब्राउनलो पदक हे जिलाँगचेच खेळाडू आणि कार्यकर्ते चार्ल्स ब्राउनलो यांच्या नावाचे आहे. १९२४ मध्ये ते पहिल्यांदा दिले गेले आणि पहिले मानकरी होते जिलाँगचे एडवर्ड ग्रीव्ह्ज, ज्यांना सगळे कार्जी म्हणत. क्लब आपल्या सर्वोत्तम खेळाडूला दरवर्षी देतो ते पदक कार्जी ग्रीव्ह्ज यांच्या नावाचे आहे. एका नावावरून दुसऱ्या नावापर्यंत असे पोचता येते. बापलेकांच्या जोड्याही अशाच लावाव्यात: वडील ज्या क्लबकडून पुरेसे सामने खेळले त्या क्लबला मुलगा घेण्याची सवलत लीगमध्ये आहे आणि धाकटा ॲब्लेट, स्कार्लेट व टॉम हॉकिन्स हे तिघेही या वाटेने जिलाँगला आले. क्लबचे ‘कॅट्स’ हे टोपणनाव मात्र १९२३ चे, एका व्यंगचित्रकाराने शकुनासाठी काळे मांजर सुचवले त्यावरून पडलेले. आपल्याकडे जे आडवे गेले की लोक थबकतात, तेच तिथे शुभ ठरले.

सर्वांत जास्त जागा १९६३ ते २००७ या ४४ वर्षांना द्यावी. त्याआधीच्या काळातले १९५२-५३ चे सलग २३ विजय हा आजही लीगचा विक्रम आहे आणि तो संघ १९५३ च्या अंतिम सामन्यात कॉलिंगवुडकडून हरला, हेही त्याच ओळीत लिहावे. १९६३ नंतर १९६७, १९८९, १९९२, १९९४ आणि १९९५ असे ५ अंतिम सामने गेले. एक संपूर्ण पिढी विजेतेपद न पाहता मोठी झाली. मग २००७ मध्ये पोर्ट ॲडलेडविरुद्ध २४.१९ (१६३) आणि ६.८ (४४), म्हणजे ११९ गुणांचा फरक, अंतिम सामन्यातला आजवरचा सर्वांत मोठा. आधीची ५ नावे लिहून झाल्यावरच हा आकडा लिहावा. माझा हात तिथे थांबला होता. त्या दुकानातल्या आजींचा मफलर मला त्या दिवशी समजला.

२०११ मध्ये ख्रिस स्कॉट प्रशिक्षक म्हणून पहिल्याच वर्षी जिंकले, २०१९ पासून महिलांचा संघही राष्ट्रीय लीगमध्ये आला आणि २०२० चा अंतिम सामना रिचमंडने नेला, एवढ्या नोंदी थोडक्यात पुरतात. २०२२ ची नोंद मात्र टिपण काढत थेट प्रक्षेपण पाहून करता आली. अंतिम सामना बहुधा सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी असतो आणि मेलबर्नचे दुपारचे अडीच म्हणजे आपले सकाळचे दहा. घरात चहा-नाश्ता आटोपलेला असतो आणि वही उघडायला वेळ मिळतो. त्या वर्षी २४ सप्टेंबरला, सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी, जिलाँगने सिडनीविरुद्ध २०.१३ (१३३) केले आणि सिडनीचे ८.४ (५२) झाले. २००७, २००९ आणि २०११ च्या संघांतही असलेला जोएल सेलवुड त्या दिवशी कर्णधार होता, त्याने शेवटच्या क्वार्टरमध्ये गोल केला आणि ३५५ सामन्यांनंतर काही दिवसांतच निवृत्ती जाहीर केली. २०२५ चा अंतिम सामना ब्रिस्बेनकडून हरला. तो हरलेल्या सामन्यांच्या पानावर लिहिला आहे आणि त्याखाली चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.