भट्टी सुरू झाली की रीडिंग उडायचं

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत इंडक्शन भट्टीच्या कूलिंग पाण्याचं तापमान ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसायचं. भट्टी सुरू झाली की आकडे उड्या मारायचे, मधेच गायब. भट्टी बंद, की सगळं सुरळीत. म्हणजे दोष मीटरचा नव्हता; भट्टीच्या विजेचा त्रास रीडिंग नेणाऱ्या वायरीला होत होता.

मीटरचे आकडे कॉम्प्युटरपर्यंत नेणारी आरएस-४८५ ची (सिग्नलची) वायर पॉवर केबलच्याच ट्रेमधून गेलेली. ती वेगळ्या पाइपातून घेतली. जिथं ओलांडावीच लागली तिथं काटकोनात. साधी वायर काढून पीळ दिलेली शील्डेड जोडी, म्हणजे वरून धातूचं आवरण (शील्ड) असलेली, टाकली. शील्डचं अर्थिंग एकाच टोकाला केलं, कारण दोन्हीकडं केलं तर शील्डमधूनच करंट फिरू शकतो. लाइनच्या दोन्ही टोकांना मात्र १२० ओहमचा एकेक रेझिस्टर हवाच, नाहीतर सिग्नल टोकावरून उलटा फिरतो. आकडे स्थिर झाले.

मला खरी काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मालकांना घरूनही रीडिंग बघता यावं म्हणून राउटरवर मॉडबसचा ५०२ पोर्ट (आत येण्याचं दार) थेट इंटरनेटला उघडा होता. मॉडबस म्हणजे ही यंत्रं ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात तो प्रोटोकॉल, १९७९ चा; मूळ प्रोटोकॉलमध्ये ना पासवर्ड, ना एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक करणं). बाहेरचा कुणीही कंट्रोलरचं सेटिंग बदलू शकला असता, आणि इथं वितळलेल्या लोखंडाशेजारी माणसं उभी असतात! पोर्ट लगेच बंद केला, राउटरचा कंपनीकडून आलेला पासवर्ड बदलला, व्हीपीएन (इंटरनेटवरून आत येण्याची सुरक्षित खासगी वाट) लावलं. मालकांना आता मोबाइलवर आधी व्हीपीएन चालू करावं लागतं, मग रीडिंग दिसतं.