यलो वॉर्निंग आली, म्हणजे नक्की काय? ब्रिटनमध्ये नवीन आलेल्यांसाठी

भारतातले यलो, ऑरेंज, रेड अलर्ट पाहून आलेल्या माणसाला इथल्या मेट ऑफिसचे (ब्रिटनच्या हवामान खात्याचे) यलो, अँबर, रेड ओळखीचे वाटतात. पण इथे रंग नुसत्या मिलिमीटरवर ठरत नाही. परिणाम किती गंभीर होतील आणि ते होण्याची शक्यता किती, या दोन गोष्टींवर तो ठरतो. त्यामुळे डोंगराळ भागात सहज पचणारा पाऊस दाट वस्तीच्या शहरात इशाऱ्याचं कारण होऊ शकतो. वाऱ्याचंही तसंच. झाडांवर पानं असतील आणि जमीन आधीच भिजून मऊ झाली असेल, तर एरवी निभावणाऱ्या वाऱ्यातही झाडं उन्मळतात.

सगळ्यात जास्त फसवतो तो यलो, कारण तो दोन अगदी वेगळ्या कारणांनी येतो. इशारा उघडला की एक चौकट आणि तिच्यात एक खूण दिसते. तिच्यात शक्यता खालून वर वाढत जाते आणि परिणाम डावीकडून उजवीकडे. खूण वर आणि डावीकडे असेल, तर त्रास बहुधा होणारच, पण किरकोळ: गाड्या उशिरा, रस्त्यावर पाणी. खूण खाली आणि उजवीकडे असेल, तर शक्यता कमी, पण घडलंच तर नुकसान मोठं. हा दुसरा यलो दुर्लक्षून चालत नाही. अंदाज पक्का होत गेला की तोच पुढे अँबर होऊ शकतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ पुन्हा उघडून पाहा. इशारा किती वाजता सुरू होतो आणि कधी संपतो, हेही रंगाइतकंच महत्त्वाचं आहे.

इशारा सबंध प्रदेशासाठी असतो. तुमच्या घराचा धोका वेगळा काढावा लागतो, आणि तो भाडेकरार करण्याआधी काढावा. इंग्लंडमध्ये सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून दीर्घकालीन पूरधोका पाहता येतो. ‘हाय’ म्हणजे वर्षाला ३.३ टक्क्यांहून जास्त शक्यता, ‘मीडियम’ म्हणजे १ ते ३.३ टक्के. आकडा छोटा वाटतो, पण दरवर्षी ३.३ टक्के धरले तरी १० वर्षांत एकदा तरी पूर येण्याची शक्यता २८ टक्क्यांच्या पुढे जाते. शिवाय हा आकडा परिसराचा आहे. तिथल्याच बेसमेंट फ्लॅटचा धोका दुसऱ्या मजल्यापेक्षा कितीतरी जास्त.

त्याच संकेतस्थळावर नदी-समुद्राचा पूर आणि पावसाचं तुंबलेलं पाणी यांचे धोके वेगवेगळे दाखवतात. दोन्ही वाचा. नदी जवळ नाही म्हणून निर्धास्त राहणं चूक आहे: जुलै २०२१ मध्ये लंडनमध्ये १२ आणि २५ तारखेला आलेल्या मुसळधार पावसात गटारांना पाणी पेललं नाही आणि तळघरं भरली.

इंग्लंडमध्ये पूरसूचना देणारी सरकारी संस्था म्हणजे एन्व्हायर्नमेंट एजन्सी. तिच्या पूरसूचनांसाठी फोन, एसएमएस किंवा ईमेलवर मोफत नोंदणी करा. ‘फ्लड अलर्ट’ म्हणजे तयारीत राहा, ‘फ्लड वॉर्निंग’ म्हणजे लगेच हालचाल करा, ‘सिव्हिअर फ्लड वॉर्निंग’ म्हणजे जिवाला धोका. मात्र या सूचना मुख्यतः नद्या आणि समुद्राच्या पुरासाठी आहेत. तुंबणाऱ्या पाण्याबद्दल घरपोच सूचना येईल असं गृहीत धरू नका. त्यासाठी मेट ऑफिसचे पाऊस आणि गडगडाटी वादळाचे इशारेच पाहावे लागतात. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये पूरसूचना देणाऱ्या संस्था वेगळ्या आहेत, तेव्हा तिकडे राहायला गेलात तर पुन्हा नोंदणी करा.

उन्हाचा इशारा आपल्याला किरकोळ वाटतो. पण १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंश नोंदले गेले, आणि इथली बरीच घरं उष्णता आत धरून ठेवणारी; पंखे नाहीत, एसी तर दुर्मीळच. वरच्या मजल्यावर घर असेल तर दिवसा पडदे ओढून खिडक्या बंद ठेवा आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की उघडा. घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल तर अँबरची वाट पाहू नका.

वादळाच्या इशाऱ्यात फोन आणि पॉवरबँक आधीच चार्ज करा. वीज गेली तर १०५ हा मोफत क्रमांक आहे. पाणी भरलेल्या रस्त्यावर गाडी घालू नका, वाहतं पाणी ३० सेंटीमीटर असलं तरी गाडी तरंगू शकते. आणि भाड्याने राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: घरमालकाचा विमा इमारतीचा असतो. तुमचे लॅपटॉप, गाद्या, कपडे त्यात येत नाहीत. त्यासाठी स्वतःचा कंटेंट्स इन्शुरन्स घ्या, आणि त्यात पुराचं नुकसान धरलंय का, ते सही करण्याआधी विचारा.