न्हाणीमागचा गवती चहा आणि माझा ज्येष्ठमध

आमच्या उदगीरच्या घरी न्हाणीचं पाणी जिथं जिरतं तिथं गवती चहाचं बेट आहे. उन्हाळ्यात बाकी झाडांना बादल्या मोजून पाणी, याचं आंघोळीच्या सांडपाण्यावर भागतं. म्हणूनच पाती आधी नीट धुवा, साबण अन् धूळ दोन्ही बसलेली असते. ओढून तोडू नका, बोट कापतं. कात्री घ्या.

दोन कप पाण्याला चार-पाच पाती. पाण्याला उकळी फुटली की गॅस बंद करायचा, पातींची गाठ मारून आत टाकायची आणि वर ताट झाकायचं. पाच-सात मिनिटांनी ताट उचललं की त्याच्या पोटाला थेंब लोंबताना दिसतील. ते पातेल्यातच झटका, खरा वास त्यात असतो. तुळस आणि पुदिन्याचंही असंच. पाला खळखळ उकळला की स्वयंपाकघर घमघमतं आणि कपात नुसतं गवताचं पाणी उरतं. सुंठ, दालचिनी हा लाकडी माल मात्र ठेचून, दोन कपांचा एक होईस्तोवर मंद आचेवर आटवावा लागतो.

चहापत्ती टाकली नाही तर यात कॅफिन नसतं, त्यामुळे रात्रीही चालतो. मळमळीवर आलं बरं, गॅस धरला तर बडीशेप. छातीत जळजळ होणाऱ्यानं पुदिन्याच्या वाटेला जाऊ नये. अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते अन् आंबट वर येतं. काढ्यानं सर्दी लवकर पळते असं मी काही मानत नाही. घशाला शेक मिळतो, पोटात पाणी जातं, मला तेवढं पुष्कळ आहे. तोही चटका बसेल इतका गरम नको. 65 अंशांवरची पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2016 मध्ये सांगितलं आहे.

कोरोनात आयुष मंत्रालयानं काढा सांगितला होता: तुळस 4 भाग, दालचिनी 2, सुंठ 2, काळी मिरी 1. त्याची 3 ग्रॅम भुकटी, 150 मिली पाणी, दिवसातून एकदा-दोनदा. आमच्या गल्लीत तो तांब्यानं चालला होता, तोही मे महिन्यात! कुणाचं तोंड आलं, कुणाच्या पोटात आग पडली.

हसायचा अधिकार मला नाही. तीस वर्षं वर्गात ओरडून माझा घसा बसलेला. ज्येष्ठमधाच्या काढ्यानं आराम पडला, वर तो गोड, म्हणजे साखरही सुटली. अडीच महिने सकाळ-संध्याकाळ घेतला. मग चपलेचा पट्टा पायात रुतायला लागला. बीपीची गोळी चालू असून बीपी 170 वर. डॉक्टरांनी विचारलं, "सर, नवीन काही सुरू केलंत का?"

"काहीच नाही."

शेजारी बसलेली अक्का म्हणाली, "अरे, अन् ती काडी उकळतोस ती?"

ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम घटवतं. बीपीवाल्यानं, किडनी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यानं आणि गरोदर बाईनं तो रोज पिऊ नये. बंद केल्यावर माझी सूज काही आठवड्यांनी उतरली. जास्वंदीचा चहा याच्या उलटा, बीपी थोडं खाली आणतो. गोळी चालू असेल तर चक्कर येऊ शकते. रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी कुठलाही काढा रोजचा करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. मी आता तपासणीला जाताना गोळ्यांच्या पाकिटांसोबत काड्यांची पुडीही नेतो. डॉक्टर हसतात, हसू देत.

घरात कुणाला रक्त वाढायच्या गोळ्या चालू असतील तर त्या चहाबरोबर देऊ नका, काढ्याबरोबरही नको. मध्ये दोन तास जाऊ द्या. शुगरवाल्यांनी गुळाला औषध समजू नये, शेवटी तीही साखरच.

चैत्र लागला की आमच्याकडे सुंठ-मिरीचा डबा वर जातो. रात्री चमचाभर धने अन् चमचाभर बडीशेप जरा ठेचून, तांब्याभर पाण्यात टाकून माठाशेजारी ठेवायची. सकाळी गाळलं की झालं. गॅस पेटवायची गरज नाही.