जुनी घोडदळाची तलवार घ्यायचीय? आधी पाठ मोजा, गोष्ट नंतर ऐका

जुनी तलवार कशी ओळखावी यावर जेवढे सल्ले फिरायलेत त्यातले अर्धे फेकून द्यायच्या लायकीचे आहेत. टिचकी मारून आवाज ऐका, पातं वाकवून बघा, लिंबू चोळा... यातलं एकही करू नका. पातं वाकवायला गेलात आणि ते दीडशे वर्षांचं निघालं तर दुकानदार तुम्हाला सोडत नसतो, आणि सोडूही नये.

इथे मी फक्त इंग्रजी फौजांच्या घोडदळाच्या सेबरबद्दल (म्हणजे घोडेस्वाराची एकधारी तलवार) सांगतोय, धोप-पट्टा या देशी हत्यारांचा विषय वेगळा. आपल्याकडे मराठवाड्यात हा माल निघतो कारण औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद (आजचं अंबाजोगाई) इथे हैदराबाद कंटिन्जंटच्या (निजामाच्या खर्चाने, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणारी फौज) घोडदळाच्या छावण्या होत्या, १९०३ ला ते घोडदळ ब्रिटिश इंडियन आर्मीत गेलं आणि डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट त्यातूनच आली. म्हणून जुन्या वाड्यात एखादी सेबर खुंटीला असणं अगदीच अशक्य नाही. पण बाजारात दिसणाऱ्या दहातल्या नऊ नव्याच असतात हे धरून चाला.

कायद्याचं आधी उरका. तलवार २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये पाचव्या कॅटेगरीत येते, आणि आर्म्स ॲक्टच्या कलम ४ ची अधिसूचना जिथे लागू आहे तिथे लायसन लागतं. तुमच्या भागात काय आहे ते शहरात पोलीस आयुक्तालयात आणि जिल्ह्यात कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र शाखेत लेखी विचारा, चहाच्या टपरीवर नाही. ऑनलाइन मागवून कुरिअरने घरी आणायचा शहाणपणा करू नका, अशा पार्सलवर पोलिसांनी कारवाया केल्यात आणि "शोपीस आहे साहेब" हे उत्तर तिथे चालत नाही. दुसरं, १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तू ठरते, तिचा धंदा करणाऱ्याकडे पुरातत्त्व खात्याचं लायसन हवं आणि ती तुम्हाला परदेशी पाठवता येत नाही.

मग ठरवा, ओरिजनल हवी की रेप्लिका. रेप्लिका घेण्यात कमीपणा काही नाही, देहरादूनच्या चांगल्या असतात, बजेट कमी असेल तर तीच घ्या आणि रेप्लिका म्हणूनच घ्या. नांदेडला गुरुद्वाऱ्याबाहेरच्या दुकानांत कृपाण-तलवारी मिळतात, त्या नव्या, सेबर नव्हेत, पण हातात धरून तोल समजून घ्यायला जरूर जा.

आता खरं काम. मला हे जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला म्हणून लांबण लावतोय.

बघायला जाताना व्हर्नियर कॅलिपर आणि वजनकाटा सोबत ठेवा. बाकी सगळं नंतर, आधी पात्याची पाठ (धारेच्या उलट बाजूची जाड कड) किती जाड ते मोजा, मुठीजवळ, मध्ये, आणि टोकाच्या चार बोटं अलीकडे. १७९६ च्या लाइट कॅव्हलरी पॅटर्नची (पॅटर्न म्हणजे फौजेने ठरवून दिलेला नमुना), म्हणजे रुंद टोकाची, रिकिबीसारख्या मुठीची सेबर, तिची पाठ मुठीजवळ ८ ते १० मिलिमीटर भरते आणि टोकाकडे उतरत उतरत दोनेक मिलिमीटरवर येते. हा उतार घडवायला वेळ आणि हात लागतो, म्हणून स्वस्तातला कारखाना ते करत नाही. तो सरळ एकसारख्या पट्टीतून पातं कापतो, आणि ते इकडे पाच तर तिकडे साडेचार. त्यामुळे तोल टोकाकडे जातो, तलवार हातात घेतली की मनगट खाली ओढलं जातं. १७९६ चं वजन साधारण एक किलोच्या आत-बाहेर असतं, दीड किलोची कुणी दाखवली तर नमस्कार करून निघा. पण हा वजनाचा नियम सगळ्यांना लावू नका बरं का, १९०८ चा पॅटर्न सरळ, भोसकण्यासाठी बनवलेला, मूठ वाटीसारखी मोठी, तो चांगला जड असतो आणि तरीही खरा असतो. त्याचा भारतीय घोडदळासाठीचा प्रकार वेगळा होता, मूठ आखूड. लोक ती बघून "कापलेली आहे" म्हणतात आणि चांगली वस्तू सोडून येतात.

मग गंज. जुना गंज काळपट तपकिरी, घट्ट बसलेला, आणि विषम असतो. हात लागायची जागा गुळगुळीत, मुठीच्या कानाखाली (मुठीतून पात्यावर उतरणाऱ्या जिभांखाली) जिथे फडकं पोचत नाही तिथे दाट. ॲसिडने आणलेला गंज केशरी, भुरभुरीत, आणि सगळीकडे सारखे खड्डे. पांढऱ्या कापसावर दोन थेंब रॉकेल घेऊन पन्हळीत (पात्यावरच्या लांब खोलगट रेघेत) फिरवा, चॉकलेटी मेण निघालं की तो बूट पॉलिश आहे, दुकानदार काहीही म्हणू दे. एक हमखास गोष्ट ऐकायला मिळते, "रझाकारांच्या वेळी विहिरीत टाकली होती, पोलीस ॲक्शननंतर वर काढली." बरं, मग पाण्यात पडून राहिलेली तलवार आतून-बाहेरून खाल्लेली हवी की नको? पातं आरशासारखं आणि गोष्ट विहिरीची, असं असेल तर गोष्ट परत विहिरीत टाका.

मुठीचं टोक बघा. पात्याचं शेपूट मुठीतून वर येऊन ठोकून बसवलेलं असतं, तो छोटा गोल ठोकाही आजूबाजूइतकाच जुना दिसला पाहिजे. तिथे नट, स्क्रू किंवा वेल्डिंगचा डाग असेल तर एकतर नवी, नाहीतर जोडतोड. १७९६ च्या शिपायाच्या तलवारीची मूठ लोखंडी असते, म्हणून त्याच आकाराची चकचकीत पितळी मूठ दिसली की सावध व्हा. चुंबक लावून बघा, चिकटलं तर पितळेचा नुसता मुलामा.

शिक्के शेवटी, कारण शिक्का कुणीही मारतो. मुकुटाखाली अक्षर-आकडा हा तपासनिसाचा शिक्का, ब्रॉड ॲरोसोबत (बाणाच्या टोकाची सरकारी मालाची खूण) 'आय' असेल तर भारतीय लष्करी साठ्याचा. खऱ्या शिक्क्याची कड घासून मऊ झालेली असते. नखाला टोचणारी धारदार कड म्हणजे गेल्या महिन्यातलं काम.

एक वेगळा प्रकार सांगून ठेवतो. इंग्रजी पातं आणि देशी मूठ असा जोड दिसला की लगेच नकली म्हणू नका, असं पूर्वीपासून करायचे. देशी मुठीत पातं लाखेवर बसवतात, म्हणून ती उन्हात ठेवू नका.

भाव करताना "शिवकालीन" शब्द ऐकला की मी भाव निम्मा करतो, हात झाकायला तीन पट्ट्या असलेली इंग्रजी मूठ एकोणिसाव्या शतकातली आहे, तिला शिवकाळाचा काय संबंध? पावतीवर नमुना, लांबी, वजन, विकणाऱ्याचं नाव आणि "रेप्लिका" किंवा "जुनी" हे लेखी घ्या, फोटो सही-तारखेसकट. देत नसेल तर घेऊ नका.

घरी आणल्यावर ब्रासो आणि पॉलिश पेपर लांब ठेवा. घासून पांढरं केलं की शिक्के जातात, किंमतही जाते. पातळ मशीन ऑइलचा हात पुरे, बोटांचे ठसे पुसा. चामड्याच्या म्यानात पावसाळाभर ठेवू नका, पातं आतून गंजतं, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये चामडं आकसतं, लाकडी मुठीला चिरा जातात, तेव्हा कुलरसमोरच्या किंवा पत्र्याच्या खोलीतल्या भिंतीवर टांगू नका, लाकडी कपाटात आडवी ठेवा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी.