कॅमशाफ्टची तुटलेली कॅप बदलताना या चुका टाळा

कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर) धरून ठेवणारी कॅप म्हणजे दोन बोटांत मावणारा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. तो तुटला की गाडीमालकाचा पहिला प्रश्न असतो, सुटी कॅप कुठे मिळेल? कोल्हापुरात हा प्रश्न अधिकच साहजिक आहे, कारण शिवाजी उद्यमनगरात तुटका भाग दाखवला तरी तसाच दुसरा घडवून देणारे कारागीर आहेत, आणि शिरोली व गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून वाहन उद्योगाचे ओतकाम रोज बाहेर पडते. या कारागिरीचा अभिमान खोटा नाही. पण या दुरुस्तीत ओतकामाची अडचण नसतेच. खरी अडचण असते ती कॅपच्या आतल्या अर्धगोलाची.

कारखान्यात हेड तयार करताना कॅप आधी बोल्टने आवळल्या जातात आणि मग सर्व जर्नलची (शाफ्टच्या टेकून फिरणाऱ्या गोल भागांची) भोके एका सरळ रेषेत बोअर केली, म्हणजे कोरली जातात. त्यामुळे प्रत्येक भोकाचा खालचा अर्धा भाग हेडमध्ये आणि वरचा अर्धा कॅपमध्ये राहतो, आणि दोन्ही एकाच जात्याच्या दोन दगडांप्रमाणे फक्त एकमेकांशीच जुळतात. बहुतेक अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये येथे वेगळे बेअरिंग नसते. शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर थेट अ‍ॅल्युमिनियममध्ये फिरतो. शाफ्ट आणि भोक यांमधली ही फट अनेक इंजिनांत ०.०३ ते ०.०८ मिलिमीटर एवढीच असते. म्हणूनच बरेच उत्पादक कॅप सुटी विकत नाहीत, पूर्ण हेडच देतात. ही त्यांची नफेखोरी आहे असे अनेकांना वाटते, परंतु निदान या बाबतीत तो आरोप टिकत नाही.

भंगारातली कॅप जशीच्या तशी बसवणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. त्याच मॉडेलच्या जुन्या हेडवरची, त्याच क्रमांकाची कॅप आणली, डॉवेलवर (जागा ठरवणाऱ्या खुंट्यांवर) नीट बसली, बोल्टही आवळले गेले. मग बिघडले कुठे? तिचा अर्धगोल दुसऱ्या हेडबरोबर कापलेला असतो आणि मधल्या सांध्यावर डोळ्यांना न दिसणारी पायरी राहते. शाफ्ट घट्ट बसला तर काही मिनिटांत जर्नल ओरखडतो. सैल बसला तर तेलाचा दाब तेथून गळतो आणि पुढच्या टॅपेटना (कॅम आणि व्हॉल्व्ह यांमधल्या भागांना) तेल कमी पडते.

दुसऱ्या हेडची कॅप वापरता येतच नाही, असे मात्र नाही. तिचा बसण्याचा पृष्ठभाग अगदी थोडा घासून घ्यावा, ती ठरलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळावी, शेजारच्या शाबूत भोकांवरून मध्य धरावा आणि तेवढे एक भोक लाइन बोअरिंगने मूळ मापाला आणावे. हे काम लेथवर किंवा हाताने होत नाही. त्यासाठी कॅम लाइन बोअरिंगची सोय असलेले मशीन शॉप हवे. ज्याच्याकडे भोकाचे आतले माप घेणारे बोअर गेज नाही आणि जो काम झाल्यावर प्रत्येक भोकाचे माप लिहून देत नाही, त्याच्याकडे हेड सोपवू नये.

याच्या उलट टोकाचे दोन घरगुती उपाय सर्रास चालतात. शाफ्ट सैल वाटला तर कॅपचा तळ पॉलिश पेपरवर किंवा कानशीने घासायचा, आणि घट्ट वाटला तर कॅपखाली पत्र्याची शिम घालायची. दोन्हींमुळे गोल भोक अंडाकृती होते आणि फट वरखाली एक, आडवी दुसरी राहते.

कॅप का तुटली, हे न शोधता नवी बसवणे

कॅप सहसा आपोआप तुटत नाही. बहुतांश वेळा ती आधीच्या कामात, काढताना किंवा आवळताना, तुटलेली असते. कॅमचे काही लोब (फुगवटे) नेहमी व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबून धरत असतात. एका टोकापासून एकेक कॅप पूर्ण मोकळी करत गेले, तर स्प्रिंगांचा सगळा जोर उरलेल्या एक-दोन कॅपवर येतो, शाफ्ट तिरपा उचलला जातो आणि कॅपचा कान तडकतो. कधी शाफ्टच तुटतो. बोल्ट नेहमी मॅन्युअलच्या क्रमाने, दर फेरीत अर्धा वेढा, असे सैल करावेत. साधारणपणे सैल करताना टोकांकडून मध्याकडे आणि आवळताना मध्यापासून टोकांकडे जातात. पण काही इंजिनांत विषम क्रमांकाच्या कॅप आधी काढायच्या असतात, म्हणून अंदाजाने चालू नये.

दुसरे कारण तेलाची टंचाई. तुटलेल्या कॅपच्या आत खोल ओरखडे आणि जर्नलवर चिकटलेले अ‍ॅल्युमिनियम दिसले, तर तेथे तेल पोहोचलेले नाही. अशा वेळी तेलाची जाळी, पंप आणि हेडकडे जाणारी वाट तपासल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

तिसरे कारण आपल्या भागात विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. कोकणातून करूळ किंवा आंबा घाट चढताना गाडी गरम होते, पाणी उकळते, आणि गॅस्केट बदलून हेडचा तळ फेस करून घेतला की काम संपले असे मानले जाते. परंतु तापल्याने हेड वाकते तेव्हा वरची कॅमची रेषाही वाकते, आणि तळ सपाट केल्याने ती सरळ होत नाही. वाकलेल्या रेषेत सरळ शाफ्ट आवळून बसवला की तो घासत राहतो. त्यासाठी टॅपेट काढून ठेवावेत, शाफ्टला तेल लावून सर्व कॅप टॉर्कने आवळाव्यात आणि शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. तो अडला, तर एकेक कॅप सैल करून दोष कोठे आहे ते कळते.

बसवताना होणाऱ्या चुका

काढण्यापूर्वी हेडमधील तेल परतीची भोके स्वच्छ कापडाने बंद करावीत आणि तुटलेल्या कॅपचे सर्व तुकडे जुळवून पाहावेत. एखादा तुकडा कमी भरला तर तो संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) गेला आहे असे समजूनच संप उतरवावा. टायमिंगच्या खुणा जुळल्या असताना कोणता तरी पिस्टन वरच असतो. म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितले असल्यास क्रँक तेवढा फिरवून सर्व पिस्टन खाली घ्यावेत, नाहीतर शाफ्ट आवळताना व्हॉल्व्ह पिस्टनवर टेकून वाकतात.

कॅपवरचा क्रमांक आणि बाण पाहावा. खुणा नसतील तर काढण्यापूर्वीच मार्करने कराव्यात. पंच ठोकू नये.

बोल्टच्या बंद भोकात साचलेले तेल कॉम्प्रेसरच्या हवेने काढले नाही, तर बोल्ट आवळताना त्याला बाहेर पडायला जागा मिळत नाही आणि हेडलाच तडा जाऊ शकतो. कॅप बोल्टने ओढून डॉवेलवर बसवणे हीसुद्धा तोडण्याचीच रीत आहे. ती हाताने दाबून सरळ बसवावी आणि मग सर्व बोल्ट थोडे-थोडे, समान आवळावेत.

टॉर्कबाबत गोंधळ फार होतो. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर, म्हणजे जवळजवळ १ किलोग्रॅम-मीटर पुरतो. हाच आकडा फूट-पाउंड समजून आवळला, तर तो सुमारे १३.६ न्यूटन-मीटर होतो आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे निघून येतात. हेड बोल्टसाठीचा मोठा टॉर्क पाना इतक्या कमी मापावर भरवशाचा नसतो. ५ ते २५ न्यूटन-मीटरचा लहान पाना वेगळा ठेवावा. आटे गेलेच असतील तर जाड बोल्ट ठोकून बसवण्यापेक्षा हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घालणे केव्हाही चांगले.

फट तपासण्यासाठी जर्नल कोरडे पुसून त्यावर प्लास्टिगेजचा (दाबल्यावर पसरणाऱ्या बारीक प्लास्टिक दोरीचा) तुकडा ठेवावा, कॅप पूर्ण टॉर्कने आवळावी, शाफ्ट मुळीच न फिरवता पुन्हा काढावी आणि पसरलेल्या पट्टीची रुंदी मापावी. गॅस्केट सोल्युशन फक्त मॅन्युअलमध्ये दिलेल्या कॅपलाच, आणि तेही बारीक रेघेत लावावे. आत सांडलेले सिलिकॉन तेलाच्या वाटेत जाऊन अडकते.

सुरू केल्यानंतरची लक्षणे

हायड्रॉलिक टॅपेट असतील तर शाफ्ट बसवल्यावर साधारण अर्धा तास थांबावे, नंतर क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून टायमिंग पुन्हा पाहावे. पेट्रोल इंजिनात इंधन पंपाचा फ्यूज आणि कॉइलचे कनेक्टर काढून इंजिन स्टार्टरने थोडे फिरवल्यास सुरू होण्याआधीच तेलाचा दाब तयार होतो.

पहिली काही मिनिटे टिकटिक येणे स्वाभाविक आहे. ती इंजिन गरम झाल्यावरही एकाच जागेहून येत राहिली, तर त्या टॅपेटला तेल मिळत नाही. ऑइलचा दिवा विझत नसेल तर लगेच इंजिन बंद करावे. व्हीव्हीटी (व्हॉल्व्हचे टायमिंग बदलणारी यंत्रणा) असलेल्या अनेक इंजिनांत पुढच्या कॅपमधूनच व्हीव्हीटीकडे तेल जाते. त्यामुळे दुरुस्तीनंतर पी-००११ सारखा (कॅमच्या टायमिंगचा दोष सांगणारा) कोड आला की सेन्सर बदलण्याआधी टायमिंगच्या खुणा आणि त्या कॅपची फट तपासावी.

सुमारे ५०० किलोमीटरनंतर तेल व फिल्टर बदलावा आणि जुना फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उजेडात उघडून पाहाव्यात. चमकदार अ‍ॅल्युमिनियमचे कण दिसले आणि चुंबकाला ते चिकटले नाहीत, तर व्हॉल्व्ह कव्हर उघडून आधी बदललेलीच कॅप काढून पाहावी.