या चुका टाळा: बग्सवर्थ बेसिनच्या परिसरातल्या जुन्या दगडी भिंती

इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात पीक फॉरेस्ट कालव्याच्या टोकाला बग्सवर्थ बेसिन हे जुनं बंदर आहे. १७९६ पासून डव्ह होल्सच्या खाणींतला चुनखडक ट्रामवेने, म्हणजे रुळांवरच्या वाघिणींतून, इथे यायचा. काही इथल्याच भट्ट्यांत भाजला जायचा, बाकीचा बोटींत भरला जायचा. ज्या बंदरातून एवढा चुना गेला, तिथल्या भिंतींच्या दरजांत सिमेंट कोंबणाऱ्याला काय म्हणावं?

तरी सर्वांत जास्त होणारी चूक हीच. या भागातला वालुकाश्म पाणी पितो. चुन्याची दरज ते बाहेर सोडते, सिमेंटची सोडत नाही. मग ओल दगडातूनच वाट काढते, थंडीत गोठते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. दरज शाबूत आणि दगड आत गेलेला दिसला, तर दोष दगडाला देऊ नका. असं सिमेंट हातछिन्नीने हळू काढा, ग्राइंडर लावलात तर दगडाच्या कडाच जातील. नवा चुना पारा ५ अंशांखाली जाणार असेल तेव्हा भरू नये, भरल्यावर ओलं गोणपाट टाकावं.

शेतांच्या हद्दीच्या भिंती मात्र बऱ्याचदा कोरड्याच रचलेल्या, आपल्या कोकणातल्या गडग्यांसारख्या. त्यांत चुनासुद्धा नको. अशा भिंतीला पोट सुटलं की लोक बाहेरचे दगड ठोकून आत ढकलतात. आठवडाभर बरं दिसतं. खरं दुखणं आत असतं: पोटातल्या चिपा खाली बसलेल्या, किंवा दोन्ही अंगांना बांधणारे आरपार दगड मुळातच कमी. तेवढा भाग उतरवून पुन्हा रचण्याला पर्याय नाही. रचताना दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत जाऊ द्या. ती दर्शनी बाजूला आडवी लावली की दगड जास्त जागा झाकतो, म्हणून मोह होतो. सांध्यावर सांधा येऊ देऊ नका, आणि पोकळीत माती तर अजिबात नको.

ढिगाऱ्यात मधोमध भोक पाडलेला जाड दगड सापडला तर हातोडा खाली ठेवा. तो ट्रामवेचा स्लीपर असू शकतो: भोकात लाकडी खुंटी, तिच्यात खिळा, अशी रुळाची बैठक असे. फोटो काढा, जागा टिपून ठेवा.

भिंतीवर चढलेली आयव्हीची वेल ओढून काढू नये. बुंध्याशी कापून वाळू द्यावी.

बेसिन हे संरक्षित स्मारक आहे. त्याच्या हद्दीतल्या भिंतीला परवानगीशिवाय हात लावणं हा गुन्हा ठरतो, त्यामुळे आधी हिस्टॉरिक इंग्लंड या तिथल्या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेकडे विचारणा करा, दगड नंतर मागवा.