महागडं संदर्भपुस्तक विकत न घेता हवी ती पानं मिळवा

वरूड-मोर्शीकडे एखाद्या बचत गटानं संत्र्याचं स्क्वॅश विकायचं ठरवलं, की कोणतं परिरक्षक (पदार्थ टिकवणारं रसायन) कशात चालतं ते पाहायला अन्न-सूक्ष्मजीवशास्त्राचं पुस्तक लागतं. नवी आवृत्ती हजारो रुपयांची, अन् आपल्याला त्यातली वीसेक पानंच हवी असतात.

१. जुनी आवृत्ती बिनधास्त वापरा. सोडियम बेंझोएट हे परिरक्षक आंबट पदार्थातच, म्हणजे सामू (पीएच) साधारण ४.५ च्या खाली असेल तरच, नीट काम करतं. जीवघेणी अन्नविषबाधा करणारा बोटुलिनमचा जंतू ४.६ सामूच्या खाली वाढत नाही. आवृत्ती बदलली तरी हे बदलत नाही.

२. अकोल्याला जाणं झालं तर पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आधी विचारून जा. पुस्तक हाती आलं की थेट शेवटची शब्दसूची उघडा, पदार्थाऐवजी रसायनाचं नाव शोधा. माझा निम्मा दिवस यानंच वाचला.

३. तपासणीच्या पद्धतींसाठी पुस्तक नकोच. एफएसएसएआयची (आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) सूक्ष्मजीव तपासणीची पुस्तिका आणि अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध प्रशासनाची ‘बॅम’ ही तशीच पुस्तिका त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट आहेत. तालुक्याला रेंज मिळाली की मोबाइलमध्ये उतरवून ठेवा.

एक मात्र सांभाळा: परिरक्षक किती घालायचं हे जुन्या पुस्तकातून कधीच घेऊ नका, एफएसएसएआयचा चालू नियमच पाहा. केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) हे परिरक्षक वापरत असाल, तर तिथं मर्यादा त्यातून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडची दिलेली असते, पावडरची नाही. १ ग्रॅम शुद्ध पावडरीतून जेमतेम ०.५७ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड निघतो, तेव्हा वजन करण्याआधी हा हिशोब मांडा.